माईंचा रोसेलिनी

काल रात्री लेकीनं ‘कॉन्क्लेव्ह’ लावला होता. पोपची निवडणूक, लाल झग्यातले कार्डिनल, कुजबुज, कुरघोड्या. थोडक्यात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा, फक्त कपडे बरे. त्यात सिस्टर ॲग्नेस नावाची एक नन आहे. पडद्यावर येते थोडा वेळ, बोलते त्याहून थोडं, पण नुसत्या डोळ्यांनी अख्खी खोली गप्प करते. सकाळी कपडे वाळत घालताना भिंतीपलीकडे माई दिसल्या, म्हणून सहज म्हटलं, "माई, इझाबेला रोसेलिनी काय देखणी म्हातारी झालीये हो!"

माई प्राजक्ताखाली खुर्ची टाकून शेपू निवडत होत्या. हात थांबला.

"रोसेलिनी? म्हणजे त्या ताजवाल्याची मुलगी?"

ताजवाला कोण ते मला एकदम कळेना.

"अगं, सत्तावन्न साली! आमच्या गिरगावात तीन-चार महिने दुसरा विषय नव्हता. मी बारा वर्षांची. अण्णा रोज पेपर मोठ्यानं वाचायचे, ते एकाएकी मनात वाचायला लागले. वाचून झाला की घडी घालून गादीखाली. आता गादीखालचं वाचायचं नाही, असं कुठलं मूल असतं? त्यात आमच्या चाळीतले एक जण ताजच्या धोबीखात्यात हिशेब लिहायला. त्यांचा भाव एकदम वधारला. संध्याकाळी गॅलरीत बायका त्यांना बशीतून चहा आणून द्यायच्या. बरं, त्यांनी ना तो इटालियन पाहिलेला, ना ती बंगाली बाई. टॉवेल तेवढे मोजलेले!"

आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढी आहे. बांधणाऱ्यानं पैसे वाचवले आणि आमची सोय केली. माई ऐंशीच्या. पस्तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढल्यामुळे त्यांच्या कुचाळक्यासुद्धा सन-तारखेसकट असतात. मी बादली खाली ठेवली.

"ती इझाबेला बंगाली बाईची नाही हो माई. ती इन्ग्रिड बर्गमनची."

"ठाऊक आहे. जुळी ना? बावन्न सालच्या जूनमध्ये झाली. दुसरीचं नाव इझोत्ता. त्याच्या बायकांचा क्रम मला विचारू नकोस, पाठ आहे. लग्नाची मार्चेल्ला, मग मान्यानी, मग बर्गमन, मग आपली सोनाली. शेवटी आणखी एक होती, सिल्व्हिया, पण तोवर आम्ही नाद सोडला होता."

"आणि सिनेमे?"

"ते तू सांग. तू जातेस ना त्या लॉ कॉलेज रोडवर सिनेमे बघायला."

म्हणजे वाटणी झाली. संसार त्यांच्याकडे, सिनेमे माझ्याकडे. पण ह्या माणसाच्या बाबतीत अशी वाटणी टिकत नाही, हे तासाभरात कळलं.

रोबेर्तो रोसेलिनी जन्माला आला ८ मे १९०६ला, रोममध्ये. बाप बांधकामवाला, पैसेवाला. बापानं रोममध्ये बार्बेरिनी नावाचं थिएटर बांधलं आणि पोराला तिथं कायमचा फुकट पास. "झालं," माई म्हणाल्या, "हलवायाच्या पोराला दुकानात झोपवलं." धाकटा भाऊ रेन्झो संगीताकडे गेला, पुढे ह्याच्या बऱ्याच सिनेमांना त्यानंच संगीत दिलं. थोरला मोटारींमागे, मुलींमागे आणि पडद्यामागे. १९३६मध्ये मार्चेल्ला दे मार्किसशी लग्न झालं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, रोमानो.

पहिले मोठे सिनेमे कुणासाठी केले, ते सांगताना मला जरा अवघडल्यासारखं होतं. मुसोलिनीचा मुलगा वित्तोरिओ सिनेमावेडा. त्याच्याशी ह्याची दोस्ती. १९४१ ते ४३मध्ये रोसेलिनीनं तीन युद्धपट काढले: एक आरमाराचा, एक वैमानिकाचा, एक रणांगणावरच्या पाद्र्याचा. सगळे सरकारी आशीर्वादाचे. आणि १९४५मध्ये हाच माणूस जर्मनांशी लढणाऱ्या रोमकरांवर सिनेमा काढतो.

"टोपी फिरवली म्हण की."

"असं एकदम नाही म्हणता येत माई."

"का नाही येत? आमच्याकडेही सत्तेचाळीसनंतर किती जणांनी फिरवली. रावबहादूर होते ते रातोरात खादीत आले. मी काही वाईट म्हणत नाही. फिरवली ती फिरवली."

मला खरंच वाटतं की प्रकरण एवढं सोपं नाही. सप्टेंबर १९४३ ते जून १९४४ असे नऊ महिने जर्मनांनी रोम धरून ठेवलं होतं. त्या नऊ महिन्यांत शहरानं जे पाहिलं, त्यातून कुणीही होता तसा बाहेर पडला नसेल. ३ मार्च १९४४ला तेरेसा गुलाच्चे नावाची बाई, पाच मुलांची आई आणि पुन्हा पोटुशी, पकडून नेलेल्या नवऱ्याला बघायला बराकीसमोर गेली होती. जर्मन शिपायानं तिला भररस्त्यात गोळी घातली. रोसेलिनीच्या ‘रोम, ओपन सिटी’मध्ये हीच बाई पिना होऊन आली. आना मान्यानी. ज्या दिवशी लग्न लागायचं त्याच दिवशी तिच्या माणसाला ट्रकमध्ये कोंबून नेतात. ती ओरडत ट्रकमागे धावते, गोळी लागते, पडते. सिनेमा जेमतेम अर्ध्यावर आलेला असतो आणि नायिका संपलेली असते. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी शेंगदाणे खात होतं. त्या क्षणापासून पुडीचा आवाज बंद झाला तो शेवटपर्यंत.

चित्रीकरण सुरू झालं जानेवारी १९४५मध्ये. उत्तरेत लढाई चालूच होती. चिनेचित्ता स्टुडिओत निर्वासित राहत होते, त्यामुळे तिथं जागा नाही. कच्ची फिल्म मिळेल तेवढी, मिळेल तिथून. आवाज जागेवर टिपलाच नाही, नंतर डबिंग केलं. पटकथेला सेर्जिओ आमिदेई आणि पंचविशीतला एक सडपातळ पोरगा, फेडेरिको फेलिनी. हो, तोच. इटलीत सुरुवातीला फारसं कौतुक झालं नाही, पॅरिस आणि न्यूयॉर्कनं मात्र डोक्यावर घेतला. कानच्या महोत्सवात १९४६मध्ये मोठं बक्षीस मिळालं. आपल्याकडे जानेवारी १९५२मध्ये मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तिथंही तो दाखवला होता, दे सिकाच्या ‘बायसिकल थीव्हज’बरोबर. पुढच्याच वर्षी बिमल रॉयांचा ‘दो बिघा जमीन’ आला.

"त्या महोत्सवाला आमचे काका गेले होते," माई म्हणाल्या. "घरी येऊन म्हणाले, नट-नट्यांनी तोंडसुद्धा धुतलेलं नव्हतं. पुष्कळ दिवस गप्प होते पण."

मग मी ‘जर्मनी इयर झिरो’चं सांगितलं. बर्लिनचे ढिगारे, त्यातून भटकणारा बारा वर्षांचा एडमंड. आजारी बाप म्हणजे घराला भार, असं आजूबाजूचे बोलतात आणि पोरगं ते खरं मानून बापाला विष देतं. मग एका पडक्या इमारतीवरून स्वतःला झोकून देतं. सिनेमाच्या सुरुवातीला अर्पणपत्रिका आहे, रोमानोला. १९४६मध्ये रोसेलिनीचा तो थोरला मुलगा स्पेनमध्ये अपेंडिक्सच्या दुखण्यानं गेला होता. नऊ वर्षांचा.

माईंनी शेपूची एक काडी मोडली. "अस्सं," एवढंच म्हणाल्या. मग जरा वेळानं, "बाई गं. आणि मग त्यानं दुसऱ्याचं पोर कड्यावरून ढकललं."

पुस्तकांत मी ह्या सिनेमाबद्दल बरंच वाचलंय. हे वाक्य कुठं भेटलं नव्हतं.

तेवढ्यात पेपरवाला बिल घेऊन आला, मग माईंच्या मांजरानं माझ्या वाळत घातलेल्या परकराशी खेळ मांडला. परत आलो तोवर माईंचा सूर बदलला होता. खुर्ची भिंतीजवळ आली होती.

"आता मान्यानीचं सांगते. ती आणि हा एकत्र राहत होते. बाई म्हणजे ज्वाला. भांडण झालं की भांडी हवेत. आणि एके दिवशी ह्याला आलं अमेरिकेहून पत्र."

ते पत्र जगप्रसिद्ध आहे. १९४८ साल. इन्ग्रिड बर्गमन म्हणजे तेव्हा हॉलिवूडची सर्वांत लाडकी नटी. ‘कॅसाब्लांका’वाली, जोन ऑफ आर्कवाली, सोज्वळ. तिनं ह्याचे दोन सिनेमे पाहिले, ‘रोम, ओपन सिटी’ आणि ‘पायझा’, आणि अनोळखी माणसाला पत्र धाडलं: तुम्हाला स्वीडिश नटी हवी असेल तर मी यायला तयार आहे. कोणकोणत्या भाषा कितपत येतात, तेही कळवलं. इटालियनमधले तिला दोनच शब्द येत होते आणि त्यांचा अर्थ ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’.

"घ्या! अर्जातच लिहून टाकलं," माई म्हणाल्या. "आणि मान्यानीनं त्याच्या डोक्यावर स्पॅगेटीचं भांडं उपडं केलं. सॉससकट. जेवायला बसलेले, हॉटेलातले लोक बघतायत."

"ती दंतकथा असेल हो."

"असू दे. काही दंतकथा खऱ्या असाव्याशा वाटतात."

पण पुढचं अजिबात दंतकथा नाही. १९४९मध्ये रोसेलिनी बर्गमनला घेऊन सिसिलीजवळच्या स्त्रोम्बोली बेटावर गेला. ज्वालामुखीचं बेट, धुमसणारं. आणि मान्यानी त्याच उन्हाळ्यात शेजारच्या वुल्कानो बेटावर दुसऱ्या दिग्दर्शकाबरोबर त्याच धर्तीचा सिनेमा करायला उतरली. समोरासमोर दोन बेटं, दोन ज्वालामुखी, दोन बायका. युरोपातल्या वार्ताहरांना वर्षभराचा शिधा मिळाला. एवढ्या उघड सवतीमत्सरासाठी निसर्गानं इतकी सोय करून ठेवलेली मी तरी दुसरीकडे वाचलेली नाही.

स्त्रोम्बोलीवरची बर्गमनची फजिती मला फार आवडते. हॉलिवूडमध्ये संवाद महिनाभर आधी हातात, केस विंचरायला माणूस, उभं राहायला खडूची खूण. इथं नट म्हणजे बेटावरचे कोळी. त्यांनी कधी बोलायचं हे त्यांना कळावं म्हणून रोसेलिनीनं त्यांच्या पायाच्या अंगठ्यांना दोरी बांधली. दोरी ओढली की त्यानं बोलायचं. जगातली मोठी नटी समोर उभी, आणि तिच्या अंगठ्याला दोरी नाही, म्हणून आपण कधी बोलायचं हे फक्त तिलाच कळत नाही.

माई इतक्या हसल्या की पदरानं डोळे पुसले. "अगं, आमच्या गणेशोत्सवाच्या नाटकात विंगेतून शिट्टी वाजवायचे. त्यापेक्षा दोरी बरी. मुकाट काम."

पण त्याच सिनेमात टुना मासेमारीचा एक लांबलचक प्रसंग आहे. जाळं वर येतं, पाणी फेसाळतं, भाले घुसतात. सगळं खरंखुरं. बर्गमन बोटीत बसून बघते. ती अभिनय करतेय की खरंच शहारलीय, ते सांगता येत नाही. रोसेलिनीला हवं होतं ते हेच. त्याला गोष्ट सांगण्याची घाई नसते. माणसाला एखाद्या जागी नेऊन सोडायचं आणि काय होतं ते बघायचं. कॅमेरा तिला दोषही देत नाही, कीवही करत नाही.

जगानं मात्र तिला बघितलं ते अगदी उलट. २ फेब्रुवारी १९५०ला मुलगा झाला, रोबेर्तो. स्वीडिश नवऱ्याशी काडीमोड अजून पुरता झालेला नव्हता. अमेरिकेत काहूर. १४ मार्चला कोलोरॅडोचे सिनेटर एडविन जॉन्सन भर सिनेटमध्ये उभे राहिले आणि तिला वाईटाचं मोठं बळ म्हणाले. नटनट्यांच्या चारित्र्यावर सिनेमांचे परवाने ठरवणारं विधेयकही मांडलं. मे महिन्यात दोघांनी लग्न केलं तेही मेक्सिकोत, स्वतः तिथं न जाता, प्रतिनिधी उभे करून. १९७२मध्ये सिनेटर चार्ल्स पर्सींनी त्याच सिनेटमध्ये तिच्याबद्दल चांगलं बोलून जुना डाग पुसायचा प्रयत्न केला.

"बावीस वर्षांनी," माईंनी बोटं मोजली. "आणि मुलगी? तिची पहिली?"

"पिया. तेव्हा अकरा-बारा वर्षांची. बापाजवळ अमेरिकेत राहिली. १९५२मध्ये कोर्टात तिला विचारलं, तर म्हणाली, मला इटलीला जायचं नाही."

"हं." माईंनी जुडी बाजूला ठेवली. "ह्या सगळ्या गोष्टीत दर वेळी एक पोर मागं राहतं बघ."

पाच सिनेमे केले दोघांनी मिळून, वर जोन ऑफ आर्कचा एक संगीतपट. सगळे धंद्यात पडले. त्यातला एक मात्र मी माईंना पूर्ण सांगितला, कारण तो त्यांना कळणार याची खात्री होती. ‘जर्नी टू इटली’, १९५४. एक इंग्रज जोडपं, लग्नाला आठेक वर्षं झालेली. नेपल्सजवळ काकांचं घर वारशानं आलेलं असतं, ते विकायला मोटारीनं येतात.

"काकांचं घर विकायला? मग भांडणार."

भांडतातच. घर विकणं राहतं बाजूला. इतकी वर्षं कामाधंद्याच्या गर्दीत एकमेकांकडे बघायला सवड नव्हती, ती आता मिळते. नवरा काप्रीला पळतो, बायको एकटी संग्रहालयं, कवट्यांची तळघरं, गंधकाची कुंडं बघत हिंडते. घटस्फोट ठरतो. आणि त्याच दिवशी कुणीतरी त्यांना पोम्पेईला नेतो. तिथं उत्खननात राखेतल्या पोकळीत प्लास्टर ओततात, ते घट्ट झालं की माती खरवडतात. आधी एक हात दिसतो, मग पाय, मग शेजारी दुसरा माणूस. बाई आणि पुरुष, जवळजवळ झोपलेले, तसेच गेलेले. बर्गमन रडत तिथून पळते. घटस्फोट ठरलेल्या दिवशी हे बघायचं.

नवऱ्याच्या भूमिकेत जॉर्ज सँडर्स. संवाद आयत्या वेळी हातात पडायचे. बिचारा हैराण झाला. पण ती हैराणी पडद्यावर दिसते आणि कंटाळलेल्या नवऱ्याला ती शोभते. लबाडीच म्हणायची ही, पण फळाला आलेली. इटलीत समीक्षकांनी नावं ठेवली. पॅरिसमधल्या ‘काइए द्यु सिनेमा’च्या तरुण पोरांनी मात्र तो डोक्यावर घेतला. पुढे तीच पोरं त्रूफो, गोदार, रिव्हेत म्हणून गाजली. त्रूफो तर रोसेलिनीचा मदतनीस म्हणून दोनेक वर्षं राहिला, आणि त्या काळात एक फूटभरही फिल्म कॅमेऱ्यातून गेली नाही. नुसते बेत, प्रवास आणि मोटारी. मोटारी म्हणजे फेरारी हं. १९५३मध्ये हा गृहस्थ मिल्ले मिलिया ह्या हजार मैलांच्या शर्यतीतही उतरला होता.

"पैसे कुठून आणायचा?"

"उसने."

"मग मोठा माणूस खरा," माई म्हणाल्या. त्यांच्या यजमानांनी दोन मित्रांना दिलेले पैसे अजून यायचेत, त्यामुळे ह्या विषयात त्यांचा अधिकार मोठा.

आणि मग ताज. माईंनी ‘थांब जरा’ म्हणून घरात जाऊन एक पुस्तकच आणलं. दिलीप पाडगावकरांचं, ‘अंडर हर स्पेल’. पाडगावकर आपले पुण्याचे, शिकले पॅरिसला, पुढे ‘टाइम्स’चे संपादक. रोसेलिनीच्या भारतातल्या त्या महिन्यांवर त्यांनी आख्खं पुस्तक लिहिलं, २००८मध्ये आलं. गादीखालच्या पेपरात जे अर्धवट वाचलं होतं, ते माईंनी पन्नास वर्षांनी त्यात पुरं केलं.

डिसेंबर १९५६मध्ये रोसेलिनी मुंबईत उतरला. पन्नाशीचा, सुटलेलं पोट, कर्जबाजारी. घरी बर्गमनशी फाटत आलेलं. ती तिकडे ‘अनास्तेशिया’ करून हॉलिवूडच्या पुन्हा गळ्यातला ताईत झालेली. नेहरूंचा ह्याच्या कामाला पाठिंबा होता. नवा देश, धरणं, कारखाने, जुनी गावं, हे सगळं पडद्यावर यावं अशी इच्छा. फिल्म्स डिव्हिजन मदतीला. आणि मदतीच्याच निमित्तानं ओळख झाली ती कलकत्त्याच्या हरिसाधन दासगुप्तांशी. माहितीपट काढणारे, सत्यजित रायांबरोबर कलकत्ता फिल्म सोसायटी उभी करणाऱ्यांतले एक. त्यांची बायको सोनाली, सत्तावीस वर्षांची. दोन मुलगे, धाकटा तान्हा.

"नवऱ्यानंच सांगितलं म्हणतात, जा, एवढा मोठा दिग्दर्शक आहे, पटकथेला मदत कर. ती नको म्हणत होती, मूल लहान आहे म्हणून." माईंचा आवाज खाली आला. सत्तावन्न सालची गोष्ट, ती माणसं सगळी गेलेली, आणि आमच्या गल्लीत तर कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी आवाज खाली. "मग ताजमधल्या बैठका. मग वर्तमानपत्रं. मग लोक हॉटेलाच्या दाराशी. दोघंही लग्नाची, दोघांना मुलं. सरकारची पंचाईत, कारण पाहुणा नेहरूंचा. त्याचा व्हिसा वाढेना, काढलेल्या फिल्मची रिळं अडकलेली."

"आणि हुसेन?"

"सांगते की! तिला मुंबईहून दिल्लीला गुपचूप पोचवायला मदत कुणी केली, तर एम. एफ. हुसेननी. आपले पंढरपूरचे! कुणाच्या वारीला कोण गेलं बघ."

मला स्वतःला ह्यात सर्वांत मोठी वाटते ती बर्गमन. नवरा भारतात दुसरीबरोबर. त्याची रिळं अडकलेली. त्यानं फोन करून मदत मागितली ती कुणाकडे? तर हिच्याकडे. नेहरू तेव्हा लंडनला आलेले. हिनं विजयालक्ष्मी पंडितांमार्फत, त्या तिथं हायकमिशनर होत्या, नेहरूंची गाठ घेतली आणि ह्याची फिल्म सोडा म्हणून शब्द टाकला. स्वतःच्या आठवणींत तिनं हे सरळ सांगितलंय, कुठंही आव न आणता.

"विजयालक्ष्मीबाई म्हणजे कोकणातल्या पंडितांची सून," माईंनी मध्येच घातलं. "म्हणजे बघ, सगळं शेवटी आपल्याकडून गेलं."

ऑक्टोबर १९५७मध्ये सोनाली तान्ह्या अर्जुनला घेऊन पॅरिसला गेली. नोव्हेंबरात बर्गमन आणि रोसेलिनी कायद्यानं वेगळे झाले. पुढच्या वर्षी सोनालीला मुलगी झाली, राफाएल्ला. अर्जुनला रोसेलिनीनं आपलं नाव दिलं, तो जिल रोसेलिनी झाला.

"आणि थोरला राहिला इथं. बापाजवळ." माई पुस्तक चाळत होत्या, नाव शोधत. चष्मा घरात राहिला होता. "काय बरं नाव त्याचं... ओठांवर आहे."

सिनेमा १९५९मध्ये कानला दाखवला: ‘इंडिया: मात्रिभूमी’. आधी मुंबईची गर्दी आणि मग चार गोष्टी. माहूत आणि कठपुतळीवाल्याची मुलगी. हिराकूड धरणावरचा कामगार, काम संपल्यावर जागा सोडून जाताना धरणाकडे बघणारा. जंगलातल्या वाघाला माणसांपासून वाचवू बघणारा म्हातारा. आणि मालक उन्हानं मेल्यावर एकटं पडलेलं माकड. नट एकही नाही. मी तो पाहिला तेव्हा मनाची तयारी केली होती, गोरा माणूस आलाय, साप-साधू दाखवणार म्हणून. तसं नाही निघालं. हत्तींची आंघोळ तो इतकी निवांत बघतो की आपलं डोकं थंड होतं. माहूत गडबडीत, घामाघूम, आणि हत्ती ऐषारामात. पण निवेदन जागोजागी फार गोड आहे, आणि धरणाखाली बुडालेल्या गावांवरून सिनेमा जरा घाईनं पुढे जातो, हेही सांगितलं पाहिजे. पाहुण्यानं यजमानाच्या घरात ओल बघितली तरी बोलायचं नसतं, त्यातला प्रकार.

"माकडाची गोष्ट पाहिलीये मी," माई अचानक म्हणाल्या.

"कुठं?"

"नातवानं लावून दिली होती कॉम्प्युटरवर. मालक मरून पडलाय, वर गिधाडं, आणि ते पिल्लू साखळीला बांधलेलं. मग सुटतं, जत्रेत जातं, सवयीनं खेळ करतं, लोक पैसे टाकतात. ते पैसे घेऊन करणार काय ते?" माई जरा थांबल्या. "माझ्या डोक्यात तेव्हापासून तेच. पिक्चर काढताना हा सोनालीबरोबर ताजमध्ये. आणि पिक्चरमध्ये मालक गेलेलं माकड."

मी म्हटलं, त्याचा संबंध नसेल. माई म्हणाल्या, मी कुठं म्हटलं आहे म्हणून.

पुढचं आयुष्य आम्ही भरभर उरकलं, कारण माईंचा कुकर लावायचा होता. १९५९मध्येच ‘जनरल देल्ला रोव्हेरे’ला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला, मोनिचेल्लीच्या सिनेमाबरोबर वाटून. त्यात नायक चक्क दे सिका. पैसे आले, नाव आलं, आणि मग ह्यानंच जाहीर करून टाकलं की सिनेमा मेला. वळला टेलिव्हिजनकडे. लोकांना शहाणं करायचं वेड लागलं. सॉक्रेटिस, पास्काल, मेदिची, देकार्त, लोखंडाचा इतिहास. खरं सांगायचं तर त्यातले काही मी अर्ध्यावर सोडलेत. चौदाव्या लुईवरचा १९६६चा मात्र सोडवत नाही. लुई झालेल्या हौशी नटाला संवाद पाठ होईनात, म्हणून फळ्यांवर लिहून कॅमेऱ्यामागे धरले. तो ते वाचतो, समोरच्याच्या डोळ्यांत बघतच नाही, आणि आपल्याला वाटतं काय तो राजाचा तोरा!

"पुन्हा दोरीच," माई म्हणाल्या.

१९७३मध्ये सोनालीलाही सोडून गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात मान्यानी कॅन्सरनं गेली. शेवटच्या दिवसांत तिच्या उशाशी हाच बसलेला असायचा. तिच्यासाठी थडगं तयार नव्हतं, म्हणून तिला आधी ठेवलं ते रोसेलिनींच्या घराण्याच्या थडग्यात.

"स्पॅगेटी विसरली म्हणायची."

"आणि १९७७च्या मेमध्ये हा कानला परीक्षकांचा अध्यक्ष. ताव्हियानी बंधूंच्या ‘पाद्रे पाद्रोने’ला बक्षीस दिलं, तेही टेलिव्हिजनसाठी केलेल्या सिनेमाला. घरी परतला आणि थोड्याच दिवसांत, ३ जूनला, हृदयविकारानं गेला. एकाहत्तरचा."

इझाबेलानं बापाच्या शंभरीला एक छोटा सिनेमा केला, कॅनडातल्या गाय मॅडिनबरोबर. त्यात बाप म्हणजे नुसतं एक भलंमोठं पोट. तिला लहानपणचं तेच आठवतं, मऊ, ऊबदार, आडवं पडून राहिलेलं. बाकी सगळ्या भूमिका तिनंच केल्या, आईचीसुद्धा. हे सांगितलं तेव्हा माई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग शेपूचा कचरा पदरात गोळा करून उठल्या.

"सोनाली कधी गेली गं?"

"२०१४मध्ये. रोममध्येच. तिथं तिचं कपड्यांचं दुकान होतं. नवरा, म्हणजे हरिसाधन, आधीच गेले होते."

"हं. चल, भात व्हायचाय."

मी बादलीतला उरलेला एक टॉवेल पिळला, तोवर पाणी त्याचं त्यानंच निथळून गेलं होतं. दोरीवर टाकत होते, इतक्यात पलीकडच्या स्वयंपाकघराची खिडकी धाडकन उघडली. नाकावर चष्मा, हातात पुस्तक, मागं कुकरची शिट्टी.

"राजा! थोरल्याचं नाव राजा. तोही सिनेमावालाच झाला बरं का, तिकडे कलकत्त्यात. आणि त्याचा मुलगाही!"